हरताळ फासलेली अक्षरं: दमा, अ‍ॅलर्जी आणि बंगळुरूची हवा

पुण्या-कोल्हापूरहून, बेळगावहून येऊन बंगळुरूत स्थिरावलेल्या घरांमध्ये एक प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. "आमच्यात कुणालाच दमा नाही हो, ना माहेरी ना सासरी. मग हिला कुठून आला?" विचारणारी बहुतेक वेळा आजी असते, आणि शेजारी हातात दम्याच्या पंपाला जोडायचा स्पेसर घेऊन आई उभी असते. आजीच्या मनात आरोप नसतो, पण आईला तो आरोपच वाटतो. गरोदरपणात माझं काय चुकलं, हे घर ओलसर आहे म्हणून का, नोकरीमुळे बाळाचं दूध लवकर तोडलं म्हणून का, असं ती रात्रभर मनाशी घोळवत राहते.

या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आता विज्ञानाकडे आहे. सगळं नाही, पण आईच्या मनावरचा भार उतरावा इतकं नक्की आहे. ते समजून घ्यायला बंगळुरूहून सुरुवात करणं सोयीचं, कारण या शहरातल्या मुलांच्या दम्याची वीस वर्षांची नोंद उपलब्ध आहे.

वीस वर्षांची नोंद

डॉ. एच. परमेश हे बंगळुरूचे मुलांच्या श्वसनविकारांचे तज्ज्ञ. १९७९ पासून दर पाच वर्षांनी त्यांनी रुग्णालयात आलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांमध्ये दम्याचं प्रमाण किती, ते पाहिलं. एकूण २०,००० मुलं. १९७९ मध्ये हे प्रमाण ९ टक्के होतं, १९८४ मध्ये १०.५, १९८९ मध्ये १८.५, १९९४ मध्ये २४.५ आणि १९९९ मध्ये २९.५ टक्के. हे आकडे रुग्णालयात आलेल्या मुलांचे आहेत, शहरातल्या सगळ्या मुलांचे नाहीत. त्यामुळे 'बंगळुरूच्या दर तिसऱ्या मुलाला दमा' असं त्यावरून म्हणता येणार नाही, जरी ते पुष्कळदा म्हटलं जातं. पण चढ खराच आहे. १९८१ च्या जनगणनेत २९ लाखांचं असलेलं शहर २००१ मध्ये ५७ लाखांचं झालं, कारखाने वाढले, रस्ते वाहनांनी भरले, त्याच काळातला हा चढ आहे.

परमेश यांची दुसरी पाहणी शाळांमधली, आणि माझ्या मते तीच अधिक बोलकी. बारा शाळांमधल्या ६ ते १५ वयाच्या ६,५५० मुलांचे त्यांनी तीन गट केले. कमी रहदारीच्या भागातल्या शाळांत दम्याचं प्रमाण ११.१५ टक्के निघालं. भर रहदारीच्या भागातल्या शाळांत १९.३४ टक्के. आणि जिथे रहदारीही भरपूर आणि मुलंही गरीब घरची, त्या शाळांत ३१.१४ टक्के. नंतर ग्रामीण भागात याच वयाच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा आकडा ५.७ वर आला.

या चार आकड्यांमध्ये सगळा विषय सामावला आहे. माणसाची जनुकं वीस वर्षांत बदलत नाहीत. त्याला हजारो वर्षं लागतात. शहरातली मुलं आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या खेड्यातली मुलं काही वेगळ्या वंशाची नाहीत. तिसऱ्या गटातल्या मुलांना धूर दुसऱ्या गटाइतकाच मिळत होता, पण गरिबीनं त्यात भर घातली. एका खोलीतली स्वयंपाकाची चूल, भिंतीची ओल, झुरळं, दाटी, अपुरं अन्न, घरातली रोजची चिंता. हे सगळं आठ वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेपर्यंत पोहोचतं कसं?

पोथी, हरताळ आणि बासन

हाताने पोथ्या नकलून घेण्याच्या काळात अक्षर चुकलं तर लेखनिक ते खोडत नसे. हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप तो त्यावर देई. अक्षर खाली तसंच राही, पण वाचणारा ते वगळून पुढे जाई. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार तिथूनच आला.

शरीरात जवळपास हेच घडतं. आपल्या बहुतेक प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची तीच एक पोथी असते, जिला आपण डीएनए म्हणतो. तरी फुप्फुसाची पेशी फुप्फुसाचं काम करते आणि यकृताची यकृताचं, कारण प्रत्येक पेशी त्यातली ठरावीक पानंच वाचते. कुठलं पान वाचायचं नाही हे सांगणारी एक खूण म्हणजे मिथाइल गट: एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटासा तुकडा. तो डीएनएच्या 'सी' या अक्षरावर बसतो, विशेषतः ज्या 'सी'नंतर 'जी' येतो त्यावर. जनुकाच्या सुरुवातीपाशी अशा खुणांची गर्दी झाली की ते जनुक बहुधा गप्प होतं. अक्षर बदललेलं नसतं, फक्त त्यावर हरताळ फासलेला असतो.

दुसरी पद्धत बासनाची, म्हणजे पोथी गुंडाळून ठेवायच्या कापडाची. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं. ही गुंडाळी घट्ट आवळली की आतलं वाचता येत नाही. सैल झाली की वाचता येतं. लहान आरएनएंची तिसरीही एक पद्धत आहे, पण दमा समजायला या दोन पुरेत. या साऱ्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. या अर्थाने तो शब्द १९४२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी रुळवला. मराठीत अधिजनुकशास्त्र म्हणता येईल.

अन्नानं किंवा परिसरानं वाचन किती बदलू शकतं हे पाहायचं तर मधमाशीचं पोळं पाहावं. राणीमाशी आणि कामकरी माशी जनुकांनी सारख्याच. ज्या अळीला शेवटपर्यंत रॉयल जेली मिळते ती राणी होते, आकारानं मोठी होते आणि कित्येक पट जास्त जगते. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी अळ्यांमधलं मिथाइल खुणा घालणाऱ्या यंत्रणेतलं एक जनुक बंद करून पाहिलं, तर बहुतेक अळ्या राणीसारख्या वाढल्या.

आवर घालणाऱ्या पेशी

अ‍ॅलर्जी म्हणजे निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजणं. परागकण नाकात गेला तर खरं तर काहीच व्हायला नको. पण काहींच्या शरीरात एका विशिष्ट प्रकारच्या टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी, पुढाकार घेतात आणि आयजीई नावाची प्रतिपिंडं भरपूर तयार करवतात. पुन्हा तोच परागकण आला की शिंका, डोळ्यांना खाज, नाकातून पाणी. हाच खेळ श्वासनलिकांमध्ये चालला की त्यांचं अस्तर सुजतं, स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. तो दमा. सगळा दमा अ‍ॅलर्जीचाच असतो असं नाही, पण मुलांमध्ये बराचसा असतो.

निरोगी माणसात या उतावळ्या पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी असतात. त्यांचं काम ज्या जनुकावर चालतं त्याचं नाव फॉक्सपी३. आता धुराकडे वळू.

२०१० मध्ये कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कारी नाडो आणि सहकाऱ्यांनी फ्रेझ्नो या अतिशय प्रदूषित शहरातल्या मुलांची तुलना तुलनेने स्वच्छ हवेतल्या मुलांशी केली. फ्रेझ्नोच्या मुलांमध्ये फॉक्सपी३ जनुकावर मिथाइल खुणा जास्त होत्या, नियामक पेशींचं काम कमकुवत होतं, आणि दमा असलेल्यांचा दमाही अधिक तीव्र होता. म्हणजे आवर घालण्याचा आदेश ज्या पानावर लिहिलेला, नेमक्या त्याच पानावर हरताळ.

यासाठी वर्षानुवर्षं धूर घ्यावा लागतो का? कॅनडात व्हँकूव्हरच्या संशोधकांनी दमा असलेल्या १६ प्रौढांना बंद खोलीत दोन तास पातळ केलेला डिझेलचा धूर दिला आणि नंतर त्यांचं रक्त तपासलं. काही तासांतच डीएनएच्या अनेक जागी खुणा बदललेल्या दिसल्या. त्याआधी १९९९ मध्ये डॉ. संदीप साळवी यांनी, जे पुढे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संचालक म्हणून ओळखले गेले, पंधरा निरोगी स्वयंसेवकांवर एक तासाच्या डिझेल धुराचा परिणाम दाखवला होता. श्वासनलिकेत आणि रक्तात सुजेच्या पेशी वाढल्या, पण फुंकून करायच्या नेहमीच्या चाचण्या मात्र तशाच राहिल्या. बंगळुरूतल्या सिल्क बोर्डच्या सिग्नलवर रिक्षात दीड तास बसलेल्या मुलाची चाचणी 'नॉर्मल' आली, तरी आत काही झालं नाही असं म्हणता येत नाही, ते या प्रयोगामुळे.

गाजर गवताची वाट

बंगळुरूच्या अ‍ॅलर्जीत पुण्याचाही वाटा आहे. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवतही म्हणतो, ते पुण्यात १९५० च्या दशकात नजरेत भरलं. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते पसरलं असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. देशात त्याच्या त्याहून जुन्या नोंदीही आहेत. काही झालं तरी दोन-तीन दशकांत ते दख्खनभर पसरलं. पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात त्यामुळे होणाऱ्या त्वचेच्या अ‍ॅलर्जीची नोंद केली. शेतात, रस्त्याकडेला हाताने गवत उपटणारे शेतकरी आणि मजूर चेहऱ्या-मानेवरची खाज आणि काळवंडलेली कातडी घेऊन येत.

बंगळुरूत मात्र त्याचं दुसरं रूप दिसलं. भारतीय विज्ञान संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात पी. व्ही. सुब्बा राव यांच्या गटानं दाखवलं की या गवताचे परागकण इथल्या सर्दी-शिंकांच्या आणि दम्याच्या रुग्णांमध्ये आयजीईची प्रतिक्रिया उठवतात. ती अ‍ॅलर्जी अंगावरच थांबत नाही, श्वासातही जाते. बंगळुरू विद्यापीठाचे प्रा. एस. एन. आगाशे यांनी शहराच्या हवेतले परागकण आणि बुरशीचे बीजाणू वर्षानुवर्षं मोजले. गवताला खाणारा मेक्सिकन भुंगा भारतात प्रथम सोडला गेला तोही याच शहरात, १९८४ मध्ये. इथे पावसाळ्यात रिकाम्या प्लॉटवर पानं चाळणीसारखी झालेली गाजर गवताची रोपं दिसली तर ते त्याच भुंग्याच्या वंशजांचं काम.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. वसंतात शहर गुलाबी करणाऱ्या टॅबेबुयाच्या झाडांना लोक शिंकांसाठी दोष देतात. रंगीत, ठसठशीत फुलांचे परागकण जड, चिकट असतात. ते कीटकांनी न्यायचे असतात. हवेतून दूर जातात ते गवतांचे, सुरूच्या झाडांचे, गाजर गवतासारख्या तणांचे, ज्यांच्या फुलांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

परागकण आणि डिझेल एकत्र आले की त्रास गुणाकारानं वाढतो. धुराचे कण परागकणांना चिकटतात, श्वासनलिकेचं अस्तर सैल करतात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत डिझेलबरोबर बुरशीचा अ‍ॅलर्जन दिला तेव्हा आयजीई वाढलं आणि त्याच्या प्रमाणात अ‍ॅलर्जीकडे झुकवणाऱ्या जनुकांवरच्या खुणाही बदलल्या. गवत खेड्यातही आहे. तिथे नाही ती रहदारी.

जन्माआधीच्या खुणा

पोथीवरच्या खुणा सगळ्यात जास्त बदलतात त्या गर्भात. २०१६ मध्ये तेरा अभ्यासांतल्या ६,६८५ नवजात बाळांच्या रक्ताचा एकत्र विचार केला गेला. गरोदरपणी आई सिगारेट ओढत होती त्या बाळांच्या डीएनएवर ६,००० हून अधिक जागी मिथाइल खुणा वेगळ्या होत्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या २००५ च्या अभ्यासात आणखी मागे पाहिलं. आजीनं गरोदरपणी धूम्रपान केलं असेल तर, आईनं स्वतः केलं नसलं तरी, नातवंडाला दमा होण्याची शक्यता जवळपास दुप्पट दिसली. यात गूढ काही नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या स्वतःच्या अंडपेशी तयार झालेल्या असतात. म्हणजे गरोदर बाईनं घेतलेला धूर एकाच वेळी तीन पिढ्यांपर्यंत जातो.

आपल्याकडे बायकांमध्ये सिगारेट कमी, पण धूर कमी नाही. चूल आहे. दारं-खिडक्या लावून रात्रभर जळणारी डासांची कॉइल आहे. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असं २००३ मधल्या एका मोजणीत आढळलं. अगरबत्ती आहे, आणि बंगळुरू-म्हैसूर पट्टा तर अगरबत्तीचं माहेरघर. बाळाला अंघोळीनंतर ओवा-धुपाची धुरी द्यायची आपली पद्धतही आहे. ती मायेपोटी आलेली आहे हे मी जाणते. पण चार किलोच्या बाळाची फुप्फुसं अजून घडत असतात, आणि धुराला माया कळत नाही. धुरीचा मायेचा भाग, ऊब, चोळणं, मांडीवर घेणं, हे ठेवून निखारा तेवढा बाजूला ठेवता येईल.

खुणा घालायला मिथाइल गट लागतात, आणि ते तयार व्हायला फोलेट आणि बी१२ जीवनसत्त्व लागतं. या साखळीवरचं एक महत्त्वाचं काम पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उभं केलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि मुलांचा पाठपुरावा करून त्यांनी दाखवलं की आईच्या शरीरात बी१२ कमी आणि फोलेट जास्त असेल तर सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसते. तो अभ्यास मधुमेहाचा आहे, दम्याचा नाही. पण आईचं ताट बाळाच्या पुढच्या आयुष्यात डोकावतं, हे त्यानं आपल्या मातीत सिद्ध केलं. पण यावरून कुणी डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद करू नये. ती बाळाच्या मेंदू आणि मणक्यासाठी आवश्यक आहे. बी१२ तपासून घ्यावं, शाकाहारी घरांत तर नक्कीच.

गोठ्याचा धडा

परिसर नेहमी वाईटच करतो असं नाही. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज युरोपातून आलेले, जनुकांनी जवळचे, आहारानंही सारखे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण ५.२ टक्के होतं, हटराइट मुलांमध्ये २१.३. फरक शेतीच्या पद्धतीचा. आमिश मुलं घराला लागून असलेल्या गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून दूर. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातला एक घटक जवळपास सातपट निघाला.

जर्मन संशोधकांनी गोठ्यात सापडणारा एक जिवाणू गाभण उंदरिणींना हुंगायला दिला. पिल्लांना अ‍ॅलर्जीच्या दम्यापासून संरक्षण मिळालं, आणि अ‍ॅलर्जीला आळा घालणाऱ्या एका जनुकाभोवतीचं हिस्टोनचं बासन सैलच राहिलेलं दिसलं. संरक्षण आईमार्फत आलं होतं. याचा अर्थ गोठ्याची धूळ बाटलीत भरून बाळाला द्यावी असा नाही. आपल्या खेड्यात गोठ्याबरोबर चुलीचा धूरही असतो. पण लहानपणी माती, गुरं, भावंडं यांची संगत मिळालेलं शरीर आवर घालायला शिकतं, हे आता केवळ आजीचं म्हणणं राहिलेलं नाही.

खूण आधी की आजार आधी

इथे थोडं सावध व्हायला हवं. २०१८ मध्ये युरोपातल्या अनेक अभ्यासांनी मिळून मुलांच्या रक्तात १४ अशा जागा शोधल्या, जिथे दमा असलेल्यांमध्ये मिथाइल खुणा कमी होत्या. चार-पाच वर्षांच्या वयात हा फरक दिसला, आठव्या वर्षीही दिसला. जन्माच्या वेळच्या नाळेच्या रक्तात मात्र तो नव्हता. म्हणजे हे फरक जन्मानंतर घडले, आणि त्यांतले काही दम्याचं कारण नसून दम्याची सावली असू शकतात. रक्तातल्या पेशींचं मिश्रण बदललं तरी खुणा बदलल्यासारख्या दिसतात.

म्हणून 'एपिजेनेटिक चाचणी करा, बाळाला दमा होणार का ते सांगतो' असं कुणी म्हणत असेल तर पैसे वाचवावेत. जनुकांचा वाटाही खोटा नाही. सतराव्या गुणसूत्रावरचा एक भाग बालपणीच्या दम्याशी जोडलेला आहे, हे २००७ पासून माहीत आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला दमा आणि दुसऱ्याला नाही, असंही घडतं. ओढ रक्तात असते. ती जागी कोण करतं, हा पुढचा प्रश्न.

पंप आणि घर

घराघरांत पंपाची भीती आहे. 'सवय लागेल', 'स्टेरॉइड आहे', 'मुलीचं लग्न जमायचं कसं'. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं आणि थेट श्वासनलिकेत जातं. त्याची नशा लागत नाही. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पंपातलं स्टेरॉइड ज्या वाटांनी काम करतं, त्यातली एक हिस्टोनचीच आहे. सूज वाढवणाऱ्या जनुकांभोवती सैल पडलेलं बासन ते पुन्हा आवळायला लावतं. सिगारेटचा धूर हे आवळणारं प्रथिन कमजोर करतो, म्हणून धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यांना तेच औषध कमी लागू पडतं. केवळ धाप लागली की तात्पुरता आराम देणारा निळा पंप ओढणं पुरेसं नाही. बारा वर्षांवरच्यांसाठी तसा उपचार एकटा करू नये, असं जागतिक मार्गदर्शनच २०१९ पासून आहे. रोजच्या औषधाचा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा आणि मध्येच बंद करू नये.

घरात जे करायचं ते साधं आहे: कॉइलऐवजी मच्छरदाणी, भिंतीची ओल दुरुस्त, गादी-उशांना ऊन, झुरळांचा बंदोबस्त, घरात कुणीही सिगारेट-बिडी न ओढणं, गाजर गवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटणं.

घराबाहेरचं मात्र एकट्या आईच्या हातात नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात बंगळुरूचं नाव आहे, कारण इथल्या हवेतले धुळीचे कण देशाच्या मर्यादेत बसत नव्हते. ही मर्यादा पीएम१० या कणांसाठी वर्षाच्या सरासरीनं दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ ते २०१४ या काळात हवा हळूहळू स्वच्छ होत गेली तसा मुलांमध्ये नव्यानं होणारा दमा कमी होत गेला. गावं तीच होती.

आजी विचारतात, हिला दमा कुठून आला. मी त्यांना परमेश यांचे ते आकडे सांगते, ११, १९, ३१ आणि ५.७, आणि नात कुठल्या शाळेत जाते, वर्गाची खिडकी कुठल्या रस्त्याकडे उघडते, ते विचारते. बहुतेकींना ते ठाऊक असतं. मग पुढच्या वर्षी शाळेच्या पालकसभेत बसथांब्याजवळ इंजिन बंद ठेवण्याचा विषय कोण काढणार, यावर बोलणं जातं, आणि आई तोवर स्पेसर धुऊन हवेत वाळायला ठेवते.